टोकियोत पहिला दिवस, एकटीने: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एकट्याने प्रवास करणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं आली आणि त्यातली निम्मी तरी टोकियोची निघाली, ती पण तिथे बघायचं काय याबद्दल नाहीत, तर पोचल्या पोचल्या करायचं काय याबद्दलची. म्हणून या वेळी सगळा कॉलम टोकियोच्या पहिल्या दिवसाचा.

प्रश्न (सांगली, वय २४): ताई, मी नोव्हेंबरमध्ये एकटी टोकियोला चाललेय, परदेशात पहिल्यांदाच. विमान सकाळी आठला नारिताला उतरतं, हॉस्टेल असाकुसात आहे आणि चेक-इन दुपारी तीनला. तोपर्यंतचा वेळ फुकट कशाला घालवायचा म्हणून पहिल्याच दिवशी सेन्सोजीचं देऊळ, उएनो, अकिहाबारा, शिबुया क्रॉसिंग, मेइजी मंदिर आणि रात्री शिंजुकू असं ठरवलंय. जमेल का? आणि खरं सांगू का, तारीख जवळ येतेय तशी पोटात गोळा येतोय, पण घरी कुणाला बोलता येत नाही कारण भांडून परवानगी मिळवलीय.

उत्तर: आधी पोटातल्या गोळ्याबद्दल बोलते, कारण प्लॅनचा प्रश्न त्यातूनच आलाय असं मला वाटतं. भीती वाटली की आपण दिवस गच्च भरून टाकतो, रिकामा वेळच नको म्हणजे विचार नकोत. मी पण हेच केलं होतं. माझा टोकियोतला पहिला दिवस नोव्हेंबरचाच होता, हॉस्टेल पण असाकुसातच, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला सगळं आठवत होतं.

तुझ्या यादीतलं पहिलं ठेव, बाकी सगळं दुसऱ्या दिवसापासून. अंतरं लांब आहेत म्हणून नाही म्हणत, गाड्या चांगल्या आहेत, जमेलही. पण तुझ्या शरीराचा हिशोब बघ. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तू सकाळी आठला उतरशील तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेचार वाजलेले असतील, विमानात झोप झाली तर तीन तास, ती पण मान वाकडी करून. आणि दुसरी गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती ती म्हणजे नोव्हेंबरात टोकियोत साडेचारला सूर्य मावळतो! पाचला चक्क रात्र. घड्याळ दुपार म्हणतं, आकाश रात्र म्हणतं आणि अंगात अजून घरची वेळ चालू असते, म्हणजे दुपारचा एक. या गोंधळात शिंजुकूसारख्या स्टेशनवर जाऊ नकोस, तिथे बाहेर पडायचे रस्तेच दोनशेच्या वर आहेत आणि जगातलं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन ते. ताज्या डोक्याने गेलीस तर मजा येईल, थकून गेलीस तर रडू येईल.

आता क्रमाने सांगते. उतरल्यावर इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, सगळ्यांचेच घेतात, घाबरायचं नाही. 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी साइटवर घरूनच माहिती भरून क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेव, कारण तिथे पोचल्यावर नेट लागेलच असं नाही. हॉस्टेलचा पत्ता जपानी अक्षरात असलेला पण एक स्क्रीनशॉट हवा, फक्त इंग्रजीतला नको. तिकडे बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता म्हणजे वस्तीचं नाव आणि पुढे तीन आकडे, विभाग, गट आणि इमारत, आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असतो ना, जवळपास तसं. आपल्या 'मारुतीच्या देवळामागे, पिवळं गेट' पद्धतीची सवय असलेल्याला हे जड जातं, पण जपानी अक्षरातला पत्ता कुणालाही दाखवलास तर तो माणूस दोन मिनिटं थांबून तुला रस्ता दाखवल्याशिवाय जात नाही, हा माझा प्रत्येक वेळचा अनुभव आहे.

मग पैसे. इथे मी अडकले होते. नारिताच्या एटीएमसमोर उभी, मागे रांग, आणि कार्ड चालेना. बँकेची चूक नव्हती खरं तर, २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार आपण स्वतः चालू करेपर्यंत बंदच असतात आणि मी ते केलंच नव्हतं. अ‍ॅपमधून चालू करायला गेले तर ओटीपी भारतातल्या सिमवर येणार आणि रोमिंग घेतलेलं नाही. तासभर गेला. शेवटी पर्समधल्या डॉलरच्या दोन नोटा बदलून त्या दिवसाचं भागवलं. म्हणून सांगते, निघायच्या आठवडाभर आधी कार्डाचा परदेशी वापर आणि एटीएमची लिमिट दोन्ही चालू कर, दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, आणि दहा-पंधरा हजार येन रोख इथूनच घेऊन जा. १०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये धर. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून आपल्या व्हिसा, मास्टरकार्डवर पैसे निघतात आणि बहुतेक दुकानांतली मशीन चोवीस तास चालू असतात.

त्यानंतर सुइका कार्ड, म्हणजे ट्रेन-बस-दुकान सगळीकडे टेकवायचं कार्ड. पर्यटकांसाठीचं 'वेलकम सुइका' नारिताच्या जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या स्टेशनवर मिळतं, २८ दिवस चालतं, डिपॉझिट नाही, फक्त उरलेले पैसे परत मिळत नाहीत म्हणून थोडे थोडेच भर. आणि भरायला रोखच लागते. आयफोन असेल तर सुइका फोनमध्ये येतं पण आपल्याकडची कार्डं तिथे रिचार्जला पुष्कळदा नाकारली जातात, आणि भारतात घेतलेल्या अँड्रॉइडमध्ये तर ती सोयच नाही. प्लास्टिकचं कार्ड घे सरळ.

असाकुसाला जायला सगळे तुला स्कायलायनर ही गाडी सांगतील. ती वेगवान आहे खरी, निप्पोरी स्टेशनला चाळीस मिनिटांच्या आतच पोचवते, पण तिथून पुढे बॅग घेऊन गाडी बदलावी लागते आणि तिकीट अडीच हजार येनच्या आसपास. त्यापेक्षा केइसेई या रेल्वे कंपनीची 'अ‍ॅक्सेस एक्स्प्रेस' बघ, बोर्डावर केशरी रंगात लिहिलेली असते, जवळपास निम्म्या पैशात तासाभरात थेट असाकुसाला नेते, गाडी बदलायची गरज नाही. चाळीसेक मिनिटांनी एक असते, चुकली तर बस तिथेच बाकावर, काय बिघडतं. तोवर सकाळची ऑफिसची गर्दीही ओसरते. फक्त एक लक्षात ठेव, असाकुसा नावाची स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत. तू उतरशील ते तोएई असाकुसा लाइनवरचं, ए-१८ नंबरचं. गिन्झा लाइनचं असाकुसा जी-१९, ते पायी दोन-चार मिनिटांवर. आणि सुकुबा एक्स्प्रेसचं असाकुसा तर बरंच पलीकडे देवळाच्या दुसऱ्या बाजूला. हॉस्टेलवाले 'स्टेशनपासून तीन मिनिटं' लिहितात तेव्हा कोणत्या स्टेशनपासून हे नीट वाच, मी वाचलं नव्हतं आणि बॅग ओढत अर्धा तास फिरले.

हॉस्टेलला साडेअकरा-बाराला पोचशील. चेक-इन तीनलाच होईल, तिथे घासाघीस चालत नाही आणि करूही नये, पण बॅग ठेवून घेतात. आदल्या दिवशी मेल करून विचारून ठेव. बॅग खांद्यावरून उतरली की जे वाटतं ना, ते आत्ता तुला सांगून कळणार नाही.

आता बाराच्या पुढचं. जेव आधी. मग तीनपर्यंत असाकुसातच फिर, म्हणजे अक्षरशः हॉस्टेलच्या भोवतीच्या चार गल्ल्या. जवळचं कोनबिनी म्हणजे चोवीस तासांचं दुकान कुठलं, औषधांचं दुकान कुठलं, पोलीस चौकी कुठे (तिला 'कोबान' म्हणतात, कोपऱ्यावरची छोटीशी खोली असते), रात्री परतताना वळायचं कुठल्या पाटीपाशी. एवढं जमलं की शहर मोठं वाटायचं थोडं कमी होतं. मग सेन्सोजीला जा. कामिनारिमोन दरवाजात तो लाल कंदील टांगलाय, जवळजवळ चार मीटर उंच आणि ७०० किलो वजनाचा, खाली उभं राहून वर बघितल्याशिवाय तो केवढा आहे ते कळत नाही. तिथून अडीचशे मीटरची दुकानांची गल्ली आणि पुढे देऊळ. इसवी सन ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली अशी तिथली कथा आहे, कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या लेण्यातला. मला हे तिथे उभी असताना आठवलं आणि का कोण जाणे एकदम धीर आला.

तिथे १०० येन टाकून डबा हलवायचा आणि निघेल त्या नंबरच्या खणातली भविष्याची चिठ्ठी घ्यायची असं असतं. माझी चिठ्ठी वाईट निघाली. परक्या देशात, पहिल्या दिवशी, एकटी, आणि चिठ्ठीत लिहिलंय अशुभ. मी खरंच घाबरले. शेजारी एक आजी होत्या, त्यांनी माझा चेहरा बघितला आणि काही न बोलता माझी चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि तिथल्या तारेला कशी बांधायची ते दाखवलं. वाईट निघालेलं तिथेच बांधून यायचं असतं, घरी न्यायचं नसतं. आणि सेन्सोजीत वाईट चिठ्ठ्या पुष्कळ निघतात म्हणे, तेव्हा तुझी निघाली तर बांध आणि पुढे चल.

तीनला चेक-इन. आंघोळ कर. आणि झोपू नकोस! मी झोपले होते, 'पाच मिनिटं पडते' म्हणून, आणि जाग आली तेव्हा खिडकीत काळोख, सहा वाजलेले पण सकाळचे की संध्याकाळचे कळेना, आपण कुठे आहोत ते कळायलाही वेळ लागला. तशीच उठून बाहेर आले, सुमिदा नदीच्या काठावर बसले आणि रडले. लाल रंगाचा आझुमाबाशी पूल, पलीकडे स्कायट्री मनोऱ्याचे दिवे, इतकं सुंदर समोर आणि मी रडतेय आणि मनात एकच, कशाला आले मी. तुला हे मुद्दाम सांगतेय. तुझ्याही बाबतीत होईल असं नाही, पण झालं तर लगेच तिकीट बदलायला जाऊ नकोस. तेव्हा माझ्या पोटात सकाळच्या विमानातल्या ब्रेडनंतर काहीही नव्हतं आणि दीड दिवसात झोप चार तास. गरम काहीतरी खाल्लं, दहाला झोपले, आणि सकाळी सहाला उठून पुन्हा त्याच देवळात गेले तर दुकानं बंद, अंगण रिकामं, दोघं-तिघं आजोबा हात जोडून आपापल्या कामाला चाललेले, आणि ती सकाळ माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळींपैकी एक आहे.

म्हणून तीन ते साडेचार हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये चहा घेऊन बस, उजेड असतानाच पुन्हा बाहेर पड, नदीकाठी चाल, सातला जेव, नऊ-साडेनऊला आडवी हो. आणि घरी भांडून आलीस म्हणून घरच्यांना 'सगळं मस्त चाललंय' एवढंच सांगायचं बंधन स्वतःवर घालू नकोस. 'आज जरा एकटं वाटतंय' असं आईला सांगितलंस म्हणजे तू हरलीस असं होत नाही गं.

प्रश्न (पंढरपूर, वय २६): नमस्कार. मी माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. मित्र म्हणतात टोकियोत पहिल्या दिवशी उपाशी राहशील. कामासाठी पाच दिवस जातोय, त्यात कार्तिकी एकादशी पण येतेय.

उत्तर: उपाशी राहणार नाहीस, पण पहिल्या दिवशी 'तिथे गेल्यावर बघू' असं करू नकोस, कारण खरी अडचण मांसाची नाहीच, ती दाशीची आहे. दाशी म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसापासून केलेलं पाणी, आणि ते सूप, नूडल्सचा रस्सा, भाज्या, सॉस सगळ्यात असतं. दुकानदार मनापासून सांगेल 'मांस नाही' आणि ते खरंही असेल, त्याच्या डोक्यात दाशी म्हणजे मासा नसतोच, जसं आपल्याकडे फोडणीत हिंग आहे हे कुणी वेगळं सांगत नाही. त्यामुळे 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. जपानी अक्षरात एक चिठ्ठी करून फोनमध्ये ठेव: मांस, मासा, माशाचं दाशी, अंडं यातलं काही खात नाही. ती दाखव.

पहिल्या दिवसासाठी सोप्यात सोपं सांगते. टोकियो स्टेशनात आणि उएनो स्टेशनात 'टीज् तानतान' नावाचं रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं दुकान आहे, तिथे पूर्ण वनस्पतीजन्य रामेन मिळतं, दूधसुद्धा नाही. कोनबिनीत केळी, साधा भात, उकडलेले एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, सुका मेवा मिळतो. ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, त्यात आंबट प्लमचा 'उमे' वाला सगळ्यात जवळचा, पण काहींत माशाचा अर्क असतो तेव्हा फोनचा कॅमेरा पाकिटावर धरून भाषांतर वाचूनच घे. पाकिटावर १, २, ३ असे आकडे असतात, त्या क्रमाने फोड नाहीतर बाहेरचा समुद्री शेवाळाचा कागद फाटतो.

आणि एकादशीचं तर तुझं नशीब चांगलं आहे बघ, नोव्हेंबर म्हणजे याकी-इमोचा हंगाम. भाजलेलं रताळं! सुपरमार्केटच्या दारातच गरम दगडांवर ठेवलेली असतात, कागदी पिशवीत घालून देतात, साल सोडली की आत मधासारखं पिवळं. काही लावत नाहीत त्याला, मीठसुद्धा नाही. मी त्या पहिल्या रात्री जे गरम खाल्लं म्हणाले ना वर, ते हेच होतं. रताळं, केळं, शेंगदाणे, दूध, उपवास व्यवस्थित होईल. घरून राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी ने. ताजी फळं आणि कढीपत्त्यासारखा ओला पाला मात्र नेऊ नकोस, तपासणीच्या कागदांशिवाय ते आत येऊ देत नाहीत.

निशी-कासाई हे नाव पण लक्षात ठेव. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा भागात आहे, तोझाई लाइनवर, आयटीतली आपली बरीच माणसं तिथे राहतात, भारतीय किराणा आणि शाकाहारी जेवण मिळतं. अंबरनाथला जन्मलेले आणि पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले. आपल्या जेवणासाठी पहिल्याच दिवशी तिकडे धावू नये असं माझं मत होतं पूर्वी. आता नाही. पहिल्या संध्याकाळी वरण-भाताशिवाय जीव लागत नसेल तर खुशाल जा, दुसऱ्या दिवशी दुप्पट उत्साहाने हिंडशील.

प्रश्न (नाशिक, एका आईचं पत्र): माझी मुलगी २३ वर्षांची आहे. एकटी जातेय. तिला म्हटलं दर तासाला लोकेशन पाठव, तर चिडली. मला झोप लागणार नाही त्याचं काय?

उत्तर: काकू, तुमची झोप पण महत्त्वाची आहे, ती काही कमी महत्त्वाची गोष्ट नाही. पण दर तासाला नको. पहिल्या दिवशी तिचे दोन्ही हात बॅगेत आणि नकाशात असतील, एखादा तास मेसेज राहिला तर तुम्ही घाबराल आणि तुम्ही घाबरलात म्हणून ती. त्यापेक्षा फोनमधलं लोकेशन शेअरिंग एकदाच चालू करून ठेवायला सांगा, मग तिला पाठवावं लागत नाही आणि तुम्हाला विचारावं लागत नाही. आणि तीन मेसेज ठरवून घ्या: विमानतळाबाहेर पडले, बॅग ठेवली, झोपायला चालले. तिचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तुमचे संध्याकाळचे सहा, दिवाबत्तीच्या वेळेला तिचा तिसरा मेसेज येईल. भारतात रात्री अकराला तुम्ही फोन कराल तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून अडीच वाजलेले असतील हे तेवढं लक्षात असू द्या, पहिल्या रात्रीची झोप तिला फार गरजेची आहे.

सुरक्षिततेचं म्हणाल तर टोकियोत एकट्या मुली रात्री उशिरापर्यंत ट्रेनने जाताना दिसतात. गर्दीच्या वेळी बऱ्याच लाइन्सना बायकांचा वेगळा डबा असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खूण असते. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास जातात आणि पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात, मधल्या वेळेत टॅक्सीच आणि ती फार महाग, म्हणून अकराच्या आत परतायचं एवढं तिला सांगून ठेवा. काबुकिचो किंवा रोप्पोंगी या बार-क्लबच्या भागात रस्त्यात कुणी 'या, स्वस्तात प्यायला मिळेल' म्हणून बोलवायला लागलं तर त्याच्यामागे जायचं नाही, हा एक नियम मात्र अगदी कडक. पोलीस ११०, अ‍ॅम्ब्युलन्स आणि आग ११९. पासपोर्ट खोलीत न ठेवता सतत जवळ बाळगायचा, तो तिथला कायदाच आहे. जेएनटीओ या तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, इंग्रजीत बोलतात, तो नंबर दोघींनी लिहून ठेवा. आणि आपली वकिलात चियोदा भागात कुदान-मिनामीला आहे.

आणखी एक, तुमची परवानगी असेल तर सांगते. निघायच्या आदल्या रात्री तिला सूचना देऊ नका. तिला सगळ्या पाठ झालेल्या असतात. जेवायला तिच्या आवडीचं करा.

प्रश्न (लातूर, वय २५): ताई, तुम्हाला हसू येईल पण मला टोकियोची भीती भूकंपामुळे वाटते. माझा जन्म १९९३ नंतरचा, पण आमच्या घरात किल्लारीचं नाव निघालं की आजी अजून गप्प होते. पहिल्याच रात्री हललं तर मी काय करू?

उत्तर: हसू कसं येईल. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या आधी, सगळं गाव गाढ झोपेत. त्या घरातून आलेल्या मुलाला भीती वाटणारच, आणि ती तू लिहिलीस याचं मला फार बरं वाटलं.

पण किल्लारीत माणसं कशाखाली गेली ते आजीला विचार, ती सांगेल. दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. हादरा बसला आणि भिंती सुटल्या, माळवद खाली आलं. टोकियोत १९८१ मध्ये बांधकामाचे नियम बदलले, मोठ्या धक्क्यातही इमारत कोसळता कामा नये अशा हिशोबाने. त्यामुळे बुकिंग करताना इमारत १९८१ नंतरची आहे का एवढं बघ, बहुतेक असतेच. २०११ च्या ११ मार्चला मोठा भूकंप झाला तेव्हा स्कायट्रीचं काम शेवटच्या टप्प्यात होतं, सहाशे मीटरच्या वर गेलेला मनोरा, तो हलला आणि उभा राहिला, आणि आठवडाभरात १८ मार्चला त्याची ६३४ मीटर उंची पूर्ण झाली. त्याच्या पोटात एक स्वतंत्र मधला खांब आहे, तिथल्या जुन्या पाच मजली पॅगोडात असतो त्यावरून घेतलेली कल्पना. पहिल्या दिवशी सुमिदाच्या काठावरून तो दिसेल तेव्हा हे आठव.

छोटे धक्के तिथे येत राहतात, कदाचित तुला झोपेत कळणारही नाही. टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर 'शिंदो २' किंवा 'शिंदो ३' लिहून येईल, ते रिश्टर नव्हे, तुझ्या जागी किती जाणवलं त्याचं माप आहे, शून्यापासून सातपर्यंत. मोठा येणार असेल तर सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजतात, काही सेकंद आधी. तेव्हा जिन्याकडे पळायचं नाही. टेबलाखाली जा, नाहीतर उशी डोक्यावर धर, काचेपासून लांब, हलणं थांबेपर्यंत. लिफ्ट वापरायची नाही. मग बाकीचे काय करतायत ते बघ आणि तसंच कर, त्यांना शाळेपासून शिकवलेलं असतं. 'सेफ्टी टिप्स' नावाचं पर्यटकांसाठीचं अ‍ॅप निघायच्या आधी टाकून घे, इंग्रजीत सूचना येतात. आणि पहिल्या रात्री उशाशी बूट, चष्मा, पासपोर्ट आणि टॉर्च ठेवून झोप. मी अजूनही ठेवते, आणि मग झोप चांगली लागते.

प्रश्न (सांगलीच्याच वाचकाचा, पत्राच्या शेवटी लिहिलेला): आजी म्हणतेय पोचल्यावर आधी गणपतीला नमस्कार कर. तिकडे कुठला गणपती!

उत्तर: आहे ना. तुझ्या हॉस्टेलच्या जवळच आहे! सेन्सोजीतून बाहेर पडून नदीच्या बाजूने ईशान्येला दहा मिनिटं चाललीस की एका छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ लागतं. तिथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेला आपला गणपती. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, ती कायम बंद असते, त्यामुळे सोंड दिसेल म्हणून शोधू नकोस. पण देवळात जिकडेतिकडे दोन खुणा कोरलेल्या दिसतील, एक पैशाची थैली आणि एक दोन मुळे एकमेकांत गुंतलेले. या गणपतीला नैवेद्य मुळ्याचा असतो, पांढरे लांब दाइकोन. देवळातच विकत मिळतात. संध्याकाळी लवकर बंद होतं म्हणून तीनच्या आधी उजेडातच जा, एक मुळा घे, समोर ठेव आणि आजीला फोटो पाठव, फक्त आतल्या बाजूचा काढायच्या आधी तिथे विचार.